कोरडे महाराजांचा तांब्या

बसा. ती पिशवी बाकड्याखाली सरकवा आन् लेकराला सावलीत घ्या. पत्ता सांगतो की, मला मालूम हाय. अहमदपूरच्या स्टँडावर कोरडे महाराज कुणाला मालूम न्हाईत? पण त्यो आता इथं बसत न्हाई. इथून कामून उठला, ते आधी ऐका. मंग जायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा. एक च्या पिऊन होईस्तोवर गोष्ट संपती. न्हाई संपली तर दुसरा च्या माझ्याकडून.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नांदेड रोडच्या कडंला एक पत्र्याचं शेड हाय. आधी तिथं जीपा-ट्रॅक्टर धुवायचं वॉशिंग सेंटर होतं. ते बंद पडलं आन् तिथं ह्यो महाराज उगवला. गाड्या धुवायच्या जागेवर बसून लोकाच्या लेकरांना कोरडं करायचा. दर गुरुवारी अडीच-तीनशे माणूस. अहमदपूरचं, चाकूरचं, पार नायगावाकडनं गाडी करून आलेलं. आन् लेकरं कोणती म्हणताव? तीन वर्षाची, चार वर्षाची. एक तर पाच वर्षाचं धिप्पाड पोरगं बापाच्या खांद्यावर बसलेलं, पाय बापाच्या पोटापोतर लोंबून राहिलेले, आन् बुडाला डायपर! शी-शू सांगत न्हाईत म्हणून आणलेली सगळी. ज्याच्या-त्याच्या हातात डायपरचं न फोडलेलं पाकीट. महाराजांचा नियमच होता. "डायपरचा त्याग करा! माझ्या पायाशी वाहा!" नारळ न्हाई, हार न्हाई. डायपर!

त्या गर्दीत चौदाव्या ओळीत उभी होती नागाबाई. साठीची बाई, अंगानं वाळलेली, कडंवर नात अक्षरा. चार वर्षं आन् दोन महिन्यांची. कंबर मोडून राहिली होती, पण खाली उतरवायला जागा नव्हती.

पुढं महाराज. इस्त्रीचा पांढरा झब्बा, कपाळाला हळदीचा हा एवढा पट्टा, मांडीखाली मोबाईल. पोट असं की त्याचं त्यालाच त्याचं गुडघं दिसत नसतील. आन् तोंड चालू.

"नऊ महिने लेकरू कशात असतंय?"

"पाण्यात!" बाया म्हणल्या.

"कुणाच्या पाण्यात?"

ह्ये काय बायांना मालूम नव्हतं.

"आसराच्या! नदीतली, हिरीतली आसरा! तीच ठेवती लेकराला पाण्यात. आन् जन्मलं की म्हणती, माझं पाणी मला परत दे! म्हणून लेकरू गळतंय. दिवसा गळतंय, रात्री गळतंय. डॉक्टर काय म्हणतात? सवय लागंल म्हणतात. अरे, आसरा बसलीय कमरंला आन् सवय कशी लागंल? ह्ये वैज्ञानिक हाय, वैज्ञानिक! परदेशातले लोक मान्य करून राहिलेत!"

परदेशातले कोण, कवा, कुठं, ते कुणीच इचारलं न्हाई. परदेश म्हणलं की आपल्याकडं माना डोलतात.

मंग त्यानं पितळंचा तांब्या घेतला. सर्वांना दिसंल असं प्लास्टिकच्या जगमधनं पाणी ओतलं. तांब्यावर पिवळा रुमाल टाकला, डोळे मिटून ओठ हलवले. पुढच्या लेकराला पाटावर बसवलं आन् रुमाल काढून तांब्या लेकराच्या डोक्यावर सरळ पालथा घातला!

थेंब न्हाई पडला.

"पिली! आसरानं पाणी पिलं! आता लेकराचं मागणार न्हाई!"

बायांनी बोटं मोडली, बाप्यांनी टोप्या काढल्या. तांब्याच्या आत बघायची मात्र बंदी. "आत बघंल त्याच्या घरचं बोअर आटंल," म्हणायचा. मराठवाड्यात बोअर आटायची धमकी म्हणजे काय थट्टा हाय का? तीनशे माणसांत एकानं मान लांब केली न्हाई.

नागाबाईच्या अंगावर काटा आला. चौदाव्या ओळीतून तिला काय दिसणार? पाणी ओतलेलं दिसलं आन् न पडलेलं दिसलं. तेवढं बास झालं तिला.

आता तुमी म्हणताल, ही बाई खुळी होती का? न्हाई. तिची अडचण ऐका.

नागाबाईचा लेक बालाजी इथं मोंढ्यात हमालीच्या कामाला. सून जया कॉलेजच्या हापिसात कम्प्युटरवर. दोघं सकाळी घर सोडतात, दिवसभर अक्षरा आज्जीपाशी. जूनमधी तिला शाळंत घालायचं ठरलेलं. शाळंतली मॅडम जयाला साफ म्हणली, "लेकरू शी-शू सांगत असंल तर आणा, न्हाईतर पुढच्या वर्षी या." त्यातून नागाबाईची जाऊ रोज ओसरीवरून वरडायची, "चार वर्षाची घोडी आन् बुडाला गादी! आज्जीनं दिवसभर केलं काय मंग?" हा टोमणा नागाबाईच्या काळजाला जाऊन बसायचा. तिनं स्वतःची तीन लेकरं पायावर बसवून वळण लावलेली. पाय लांब करायचे, लेकरू दोन्ही पायांच्या मधी बसवायचं आन् "शूऽऽ" म्हणायचं. वर्षाच्या आत लेकरं तरबेज. आन् नातीच्या बाबतीत ती हरली.

बालाजीला सांगितलं तर त्यो हसायचा. "होईल की माय. लगनात काय डायपर घालून जाणार हाय का?"

त्या डायपरवरनं एक तमाशा झाला होता, तोबी सांगतो, पुढं कामाला येतोय. नागाबाईला एकदा वापरून फेकायची गोष्ट पटतच न्हाई. तेलाची रिकामी पिशवी धुऊन दोरीवर टाकणारी बाई ती. म्हणून एक दिवस जया कामावर गेल्यावर तिनं अक्षराचा ओला डायपर नळाच्या पाण्याच्या बादलीत भिजू घातला. म्हणली, एवढा जाड कपडा, धुवून पुन्हा वापरू. दुपारी बघती तर डायपर गाभण म्हशीवानी फुगलेला! तिनं वर ब्रश मारला. फुटला! बादलीभर नुसता पारदर्शक गोळा-गोळा. भिजवलेल्या साबुदाण्यावानी, पण हाताला गार, बुळबुळीत. जयाला दिसू नये म्हणून घाईघाईनं तिनं ते सगळं एका पातेल्यात भरलं आन् मोरीत पालथं घातलं. पडंना! पातेलं हलवलं, ठोकलं, तरी पडंना. शेजारच्या अंगणवाडीच्या अंजूबाई आवाजानं आल्या.

"मावशी, डायपर धुतला व्हय हो?" अंजूबाईला हसू आवरंना. "त्यात पाणी धरून ठेवायची पावडर असती. मूठभर मीठ टाका, सोडंल पाणी."

मीठ टाकून ढवळलं. खरंच! गोळ्याचं पाणी झालं आन् मोरीतनं वाहून गेलं. नागाबाईनं पदरात तोंड घालून हसून घेतलं, अंजूबाईला "सुनंला सांगू नका" म्हणली आन् इसरून गेली.

तर, महाराज. त्या पहिल्या गुरुवारी नागाबाईचा नंबर आला तवा सांज झाली होती. महाराजांनी अक्षराकडं बघितलंबी न्हाई. नागाबाईनं वाहिलेलं पाकीट मात्र सेवेकरणीनं दाबून बघून आत नेलं.

"सात दिवसाचं कोरडं व्रत," महाराज म्हणले. "पाणी बाटलीच्या झाकणानं. सकाळी एक झाकण, दुपारी एक, सांजच्याला एक. दूध न्हाई, ताक न्हाई, टरबूज न्हाई, वरण न्हाई. कोरडी भाकर. ओलं हाय ते समदं आसराचं. हा काळा धागा कमरंला. आन् लेकराच्या आईला सांगायचं न्हाई."

"कामून महाराज?"

"आईच्या काळजात ओल असती."

बघा, कसं बोलून राहिला! आईला कळलं तर ती झाकण फेकून तांब्याभर पाणी पाजंल, ह्ये त्याला पक्कं मालूम होतं. आन् नागाबाईचं नशीब असं की जया त्याच दिवशी मुदखेडला गेली होती. तिच्या आईच्या, गुरम्माच्या, डोळ्याचं आपरेशन होतं. आठ दिवस तिकडंच. बालाजी पहाटं मोंढ्यात जायचा तो लेकरू झोपल्यावर यायचा. घरात फकस्त आज्जी, नात आन् झाकण.

मे महिना हो! पत्र्याला हात लावला तर फोड येतोय. असल्या उन्हात चार वर्षाच्या लेकराला दिवसाला तीन झाकणं पाणी.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला नागाबाईनं डायपर काढला तर कोरडा! कोरडा ठणठणीत! तिनं देव्हाऱ्यापुढं साखर ठेवली. जाऊबाईला मुद्दाम ऐकू जाईल असं वरडून म्हणली, "आमची अक्षरा सुधारून राहिली!" आता तुमीच सांगा, टाकीत पाणीच न्हाई सोडलं तर नळ गळंल कसा? पण माणूस एकदा मानायला बसला की त्याला सगळाच पुरावा दिसतोय.

तिसऱ्या दिवशी अक्षरा खेळायची थांबली. चौथ्या दिवशी भर दुपारी नागाबाईला डुलकी लागली. डोळा उघडला तर लेकरू जाग्यावर न्हाई. उठून बघती तर अक्षरा सैपाकघरात माठापाशी. माठाच्या बाहेरून पाझरलेल्या ओलीला गाल लावून बसलेली. जिभंनं माठ चाटून राहिली होती.

नागाबाईचा जीव हलला. तिनं पेला बुडवला. ओठापोतर नेला. आन् मंग तिला महाराजांचं बोलणं आठवलं, व्रत मोडलं तर आसरा रागानं दुप्पट गळवंल. शाळा आठवली, जाऊ आठवली. पेला परत माठात रिकामा केला. एक झाकण जास्त दिलं तेवढंच.

ह्याच्यासाठी त्या महाराजाला शिव्या देऊ का आज्जीला, ते मला आजबी समजत न्हाई. मी महाराजालाच देतो. आज्जीनं स्वतःला पुष्कळ दिल्या.

फोनवर जयानं इचारलं, "आत्याबाई, अक्षरा काय करून राहिली?"

"झोपलीय. मजेत हाय."

"चार दिवसापास्नं झोपलेलीच हाय व्हय हो?"

"उन्हाळा हाय माय," नागाबाई म्हणली आन् फोन ठेवला.

आला दुसरा गुरुवार. अक्षराचे ओठ फाटलेले, पोट ढोलावानी टणक. सहा दिवसात तिला शी झालेली नव्हती. नुसता डायपरला पातळ डाग. दुसऱ्या फेरीच्या लोकांना महाराज पहिल्या ओळीत बसवायचे, व्रत पाळलेले म्हणून. त्यामुळं आता नागाबाई महाराजांपासून हातभर अंतरावर.

शेडच्या मागल्या बाजूला पाण्याचे निळे जार रचलेले. नागाबाईला वाटलं, ह्या माणसाकडं बोअर असताना जारचं पाणी कशाला? आपल्या बोअरचं पाणी खारं, त्या पावडरीला नीट फुगू देत न्हाई, ह्ये तिला तवा काय मालूम? पण मनात आलं तेवढं खरं.

अक्षराला पाटावर बसवलं. महाराजांनी जारातनं जगमधी, जगमधनं तांब्यात पाणी ओतलं. त्या पाण्याचा आवाज ऐकला आन् इतका येळ मान टाकून बसलेल्या लेकरानं डोळे उघडले. दोन्ही हात पुढं केले.

"पाणी," अक्षरा म्हणली. "आज्जी, पाणी."

"बोलली!" महाराज असा वरडला की मागचं पोरगं बापाच्या खांद्यावरून दचकलं. "आसरा बोलली! लेकराच्या तोंडून पाणी मागून राहिली! आणखी अकरा दिवस कोरडं व्रत! आता झाकणबी न्हाई, नुसता ओला कापूस ओठाला!"

गर्दीनं टाळ्या पिटल्या. तहानलेलं लेकरू पाणी मागतंय आन् तीनशे शहाणी माणसं टाळ्या पिटतेत. मी माझ्या आयुष्यात लई गर्द्या बघितल्या, पण त्या टाळ्या ऐकल्या असत्या तर थुंकलो असतो.

रुमाल, डोळे मिटणं, ओठ हलवणं. तांब्या पालथा. थेंब न्हाई पडला. पण त्या दिवशी महाराजानं घाई केली असंल, न्हाईतर पावडर कमी पडली असंल. तांब्याच्या काठावरनं एक गोळा सुटला. बोराएवढा. पारदर्शक. अक्षराच्या केसावर पडला, कपाळावर घसरला. गार लागला म्हणून लेकरानं तो चिमटीत धरला आन् सरळ तोंडाकडं नेला.

नागाबाईनं झडप घालून तिचा हात धरला. गोळा नागाबाईच्या बोटात आला. तिनं त्यो दाबला.

गार. बुळबुळीत. साबुदाण्यावानी.

बाईला मोरी आठवली, पातेलं आठवलं. डोळ्यापुढं ते पातेलं पुन्हा पालथं झालं आन् आतलं पडंना.

"महाराज, ह्ये काय हाय?"

"आसराची लाळ! टाक! हात सडंल!"

"लाळ?" नागाबाईचा आवाज चढला. "ही लाळ मी धुतलीय. माझ्या बादलीत. माझ्या हातानं."

"ए, बाईला बाजूला घ्या रे!"

सेवेकरीण पुढं आली. पण नागाबाईनं तोवर तांब्या उचलला होता. आन् तीनशे माणसांपुढं जे कुणी केलं नव्हतं ते केलं. आत बघितलं.

"अगं माय," ती म्हणली. "डायपर फोडून भरलंय की ह्ये!"

बोअर आटायचं भ्या कुठं गेलं कुणाला मालूम. पाच वर्षाचं पोरगं खांद्यावर घेतलेला तो बाप, वीरण्णा नाव त्याचं, उदगीरकडचा, त्यानं सेवेकरणीला अडवलं. "हात लावू नका. बघू द्या आजीला."

महाराजांच्याच पाटापाशी दृष्ट काढायचं ताट होतं. मीठ आन् मोहऱ्या. नागाबाईनं मोहऱ्या बाजूला केल्या आन् मिठाच्या दोन मुठी तांब्यात टाकल्या. हात घालून ढवळलं. एक मिनिट, दोन मिनिट. महाराज मात्र उठायच्या खटपटीला लागला होता, पोट आडवं येऊन राहिलं होतं.

"मीठ टाकलं! अपशकुन केला बाईनं! मिठानं शक्ती जाती!"

"जाती का? बघू की," नागाबाई म्हणली. आन् तिनं तांब्या पालथा घातला. कुणाच्या डोक्यावर? महाराजांच्याच!

धो-धो! झब्बा भिजला, हळदीचा पट्टा नाकावरून वघळला, मांडीखालचा मोबाईल गेला. गळून राहिला महाराज! आन् वीरण्णाच्या खांद्यावरचं ते पाच वर्षाचं पोरगं टाळ्या पिटून म्हणलं, "अप्पा, महाराजांनी शू केली!"

हसले लोक. तरी सगळे न्हाई बरं का. चार बाया तिथंच पाया पडल्या. ओले महाराज म्हणजे दुर्मिळ दर्शन, असं काहीतरी म्हणत होत्या. काय करणार? कुणाला उठायचंच नसंल तर त्याला उचलून कुठवर नेणार?

वीरण्णा आन् आणखी चौघं शेडमागं घुसले. तिथं पोत्यात फोडलेले डायपर, एका परातीत झटकून काढलेली पांढरी पावडर. आन् न फोडलेली पाकिटं खोक्यात नीट रचलेली. महाराजांच्या भाच्याचं दुकान हाय जवळच. तुमच्या त्यागाची पाकिटं तिथं जाऊन पुन्हा इकत मिळायची. बाया तिथूनच घेऊन परत महाराजाला वाहायच्या.

पण नागाबाईनं ह्यातलं काय बघितलं न्हाई. तिनं जार वाकडा केला, ओंजळीत पाणी घेतलं आन् अक्षराच्या तोंडाला लावलं. लेकरू ओंजळीला चिकटलं. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. नागाबाईच्या डोळ्याचं पाणी त्याच ओंजळीत पडत होतं. मंग तिनं कमरंचा काळा धागा दातानं तोडला, लेकराला उचललं आन् रिक्षात बसून लेकरांच्या डॉक्टर मनस्विनी मॅडमच्या दवाखान्यात गेली.

मॅडमनं सलाईन लावलं. पोट दाबून बघितलं. नागाबाईनं सगळं सांगितलं.

"आजी," मॅडम म्हणल्या, "आणखी दोन दिवस असंच चाललं असतं तर काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगत न्हाई. तुम्हाला झोप लागणार न्हाई."

"तशीबी लागणार न्हाई," नागाबाई म्हणली.

मंग मॅडमनं समजावलं. लेकराला कवातरी शी कडक झाली, दुखलं. पुन्हा दुखंल म्हणून लेकरू दाबून धरायला लागलं. दाबून धरलं की आणखी कडक. आत खडा बसतोय, आन् खड्याच्या बाजूनं पातळ गळतंय. लेकराला ते कळतबी न्हाई. आपण म्हणतो सांगत न्हाई. त्याला कळलं तर सांगंल ना! उपाय काय? पाणी. फळं. पोट मोकळं व्हायचं औषध. आन् जेवणानंतर रोज धा मिनिट बसवायचं, पाय टेकतील असं, न मारता, न लाजवता. जे महाराजानं तोडलं, नेमकं तेच पाणी औषध होतं.

"पण ती बसतच न्हाई मॅडम," नागाबाई म्हणली. "संडासात नेलं की अंग ताठ करती."

मॅडमनं अक्षराकडं वाकून इचारलं, "का गं? कशाला भेतीस?"

लेकरानं आधी आज्जीकडं बघितलं. मंग हळूच म्हणलं, "खड्ड्यात बुवा हाय. टुणकन वर येतो."

नागाबाईनं पलंगाची दांडी धरली. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. नवीन संडास बांधला होता. अक्षरा बसंना, आन् नागाबाईला भाकरी थापायची घाई. म्हणून ती बोलून गेली होती, "बस गुमान, न्हाईतर खड्ड्यातला बुवा वर येईल!" आन् त्याच येळी संडासाच्या भांड्यातून एक बेडूक उडी मारून वर आला होता. आज्जी हसली होती. लेकरू हसलं नव्हतं.

बघा की. लेकरानं बेडूक बघितला आन् बुवा खरा मानला. आज्जीनं तांब्या बघितला आन् महाराज खरा मानला. लेकराचं वय चार, आज्जीचं साठ.

मुदखेडला फोन नागाबाईनं स्वतः लावला. बालाजी म्हणला मी सांगतो, तर न्हाई म्हणली.

"जया, मी लेकराला पाणी दिलं न्हाई गं सात दिवस."

जया सांजच्या गाडीनं आली. अक्षराला छातीशी धरून बसली. सासूशी एक शब्द बोलली न्हाई. तीन दिवस न्हाई बोलली. चौथ्या दिवशी सकाळी कामावर जाताना दारात थांबली. औषधाची बाटली नागाबाईच्या हातात दिली.

"दुपारच्या जेवणानंतर धा मिनिट बसवायचंय," म्हणली. "तुमीच बसवा, आत्याबाई. तुमी घातलेलं भ्या तुमीच काढा तिचं."

मंग चमत्कार झाला का? न्हाई झाला. अडीच महिने लागले. पहिले धा दिवस नागाबाई आन् अक्षरा दोघी संडासात जाऊन नुसती बॅटरी मारायच्या, बादल्यावर बादल्या पाणी ओतायच्या. "बघ, पाईप हाय. कुठाय बुवा?" मंग भांड्याच्या बाजूला पॉट ठेवला. समोर नागाबाई जमिनीवर पाय लांब करून बसायची आन् नातीचे पाय आपल्या पायावर टेकवून घ्यायची. कधी व्हायचं, कधी न्हाई. कधी बाहेर येऊन चटईवर व्हायचं, तवा नागाबाई गुमान फडकं घ्यायची. ऑगस्टात एक दिवस अंगणात खेळता-खेळता अक्षरा पळत आली, "आज्जी, चल लवकर!" बास. शाळंत उशिरा गेली, दप्तरात दोन चड्ड्या जास्तीच्या घेऊन. अंजूबाईनं शाळंच्या मॅडमला समजावलं तवा त्यांनी घेतलं.

नागाबाई आता दर गुरुवारी अंगणवाडीत बसती. तांब्या, डायपरची पावडर, जारचं पाणी आन् मीठ घेऊन. जमलेल्या बायांना तांब्या पालथा घालून दाखवती, मंग मीठ टाकून दाखवती. जाऊबाईबी येऊन बसती. नागाबाई एवढंच म्हणती, "आत बघा. कुणी आत बघू नका म्हणलं की आधी आत बघा. बोअर आटत न्हाई. माझं चालूच हाय."

देवाला माझं काही म्हणणं न्हाई. पण लेकराच्या दुखण्याकडं पाठ फिरवून ज्याला नुसतं वरडता येतंय, त्याच्या पायाशी लेकरू नेऊन ठेवू नका. दुखणं आसं होतं आन् आसं बरं होतं, ह्ये सांगणारी माणसं गावात हायेत. अंगणवाडीत हायेत, दवाखान्यात हायेत. त्यांना येळ लागतोय, बास.

आता तुमचा पत्ता. त्यो महाराज ज्या गावाला गेला ते मला मालूम हाय, नवीन तांब्या घेऊन बसलाय म्हणं. तुमी पिशवीत आणलेलं डायपरचं पाकीट मी मघाच बघितलं. आन् ह्या लेकराच्या कमरंचा काळा धागाबी बघितला, म्हणजे एक चक्कर झालेली हाय तुमची. दवाखाना स्टँडाच्या मागं, चार पावलावर हाय. दवाखान्यात जायचं का महाराजाकडं, ते मी ठरवणार न्हाई.

एकच मागणं हाय. हा पाण्याचा गिलास घ्या. तुमचा च्या राहू द्या तसाच. आधी ह्ये लेकराच्या ओठाला लावा. मघापास्नं ते माझ्या माठाकडंच बघून राहिलंय.